गुडघेदुखी आणि पंढरीची वाट

ज्येष्ठ लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या भजनी मंडळांत वारीची बोलणी सुरू होतात, आणि त्या बोलण्यांत आजकाल विठ्ठलाच्या खालोखाल नाव निघते ते गुडघ्याचे. "महाराज, जीव तं पंढरीले लागला हाय, पन गुडघे नाई म्हनून राह्यले," असे म्हणणाऱ्या माउल्या कीर्तन संपले की पायाशी येऊन बसतात. बसतात म्हणण्यापेक्षा टेकतात म्हणावे, कारण मांडी घालता येत नाही. त्यांतील कोणी वारीच सोडून देतो, घरात खाटेवर पडून राहतो आणि दोन वर्षांत खरोखरच पांगळा होतो. कोणी बाजारातली पुडी खाऊन बेधडक चालतो आणि पुढच्या आषाढीपर्यंत मूत्रपिंड गमावून बसतो. दोन्ही वाटा अज्ञानाच्या आहेत. म्हणून या अंकात हरिकथेऐवजी संधीची कथा सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम एक शंका. देह नाशवंत आहे असे आम्हीच रोज कीर्तनात सांगतो, मग त्याच्या गुडघ्याची एवढी चिंता कशाला? याचे समाधान असे की, नाशवंत वस्तूचाही उपयोग संपेपर्यंत सांभाळ करावा लागतो. टाळाची दोरी नाशवंत आहे म्हणून कोणी ती मुद्दाम तोडत नाही. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात कालिदासाने तप करणाऱ्या पार्वतीला ब्रह्मचारिवेषातील शंकराकडून हेच विचारविले आहे की, शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे, त्याची शक्ती पाहून तू तप करतेस ना? देहाची आसक्ती धरू नये हे खरे, पण देहाची हेळसांड म्हणजे वैराग्य नव्हे.

आता मूळ विषय. 'संधिवात' हा शब्द आपण फार सैल वापरतो. बोट दुखले तरी संधिवात, कंबर धरली तरी संधिवात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधीचा अठ्ठाविसावा अध्याय आहे. त्यात वायू संधीत शिरला म्हणजे काय होते ते थोडक्यात सांगितले आहे: सांध्याला सूज येते, ती हाताला वाऱ्याने भरलेल्या पखालीसारखी लागते, आणि पाय पसरताना व आखडताना वेदना होते. वाग्भटाने संधींच्या ठिकाणी श्लेषक नावाचा कफ मानला आहे, त्याचे काम सांधे जुळवून ठेवण्याचे. माधवनिदानात मात्र आमवाताचे प्रकरण वेगळे आहे, वातरक्ताचे वेगळे आहे. म्हणजे हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांनाही ठाऊक होते की सगळी सांधेदुखी एक नाही. आपण मात्र सगळ्यांना एकाच दोरीत बांधतो आणि एकच तेल चोळतो.

म्हातारपणी ज्याला बहुतेक लोक गुडघेदुखी म्हणतात, त्यात नेमके काय होते ते पाहू. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे मिळतात, तेथे दोन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चेचा एक पांढरा, गुळगुळीत, लवचिक थर असतो. नारळाच्या कोवळ्या खोबऱ्यासारखा म्हणा. त्याच्या भोवती एक पिशवी असते, तीत थोडासा चिकट द्रव असतो. या कूर्चेची एक मोठी अडचण अशी की तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. कातडीला जखम झाली तर रक्त धावून येते आणि ती भरते, पण कूर्चा झिजली, चिरली तर ती भरून यायला फारसा मार्गच नसतो. तिच्यात वेदनेच्या नाड्याही नाहीत, म्हणून झीज सुरू होते तेव्हा माणसाला कळतही नाही. पुढे थर पातळ होतो, खालचे हाड टणक होते, कडेने हाडाचे कोंब फुटतात, पिशवीला सूज येते, आणि मांडीचे स्नायू दुबळे पडतात. वेदना होते ती या हाडापासून, पिशवीपासून, स्नायूंपासून. रोग कूर्चेत सुरू झाला तरी तो साऱ्या सांध्याचा होतो.

लोक म्हणतात, "वंगण संपलं." बैलगाडीच्या आसावरून ही उपमा आली, आणि ती सोपी असल्याने डॉक्टर मंडळीही ती वापरतात. पण ती अर्धीच खरी आहे. सुजलेल्या गुडघ्यात उलट द्रव जास्त झालेला असतो. शिवाय गाडीचा आस जितका फिरेल तितका झिजतो, सांध्याचे तसे नाही. कूर्चेला रक्त मिळत नाही, तर अन्न कोठून मिळते? आपण पाऊल टाकतो तेव्हा ती स्पंजासारखी दाबली जाते, पाऊल उचलतो तेव्हा ती भोवतालचा द्रव शोषून घेते. त्या दाबण्या-सोडण्यातच तिचे पोषण आहे. म्हणजे बेताचे चालणे हे सांध्याचे अन्न आहे. 'झिजले आहे, आता हलवू नका' हा उपदेश गाडीला लागू पडतो, गुडघ्याला नाही. वारकऱ्याने या लेखातील दुसरे काही विसरले तरी एवढे विसरू नये.

हे कोणाला होते? वय हे पहिले कारण, पण एकटे नव्हे. बायकांना पुरुषांपेक्षा अधिक होते, विशेषतः पाळी गेल्यानंतर. आईवडिलांना असेल तर मुलांना होण्याचा संभव वाढतो. तरुणपणी गुडघ्याला मार लागलेला असेल तर तो म्हातारपणी वसूल होतो. वजन हे मोठे कारण आहे, आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून, गुडघे टेकून किंवा ओझी वाहून केलेले काम हेही आहे. आमच्याकडे कपाशीच्या, सोयाबीनच्या शेतात निंदण करणारी बाई सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उकिडवी सरकत असते. मग कापूस वेचून त्याचे गाठोडे डोक्यावर, संध्याकाळी चुलीसाठी पऱ्हाटीची मोळी डोक्यावर, पाण्याचा हंडा कमरेवर. आणि वारीत पुन्हा तुळशीवृंदावन डोक्यावर! तिच्या गुडघ्यांनी पन्नाशीत तक्रार केली तर त्यात वाताचा काय दोष? घरातल्या पुरुषमंडळींनी निदान मोळी आणि हंडा हे दोन विषय स्वतःकडे घ्यावेत. गुडघ्याच्या दुखण्यावर याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

लक्षणे सांगतो. चालले, जिना चढला-उतरला, खाली बसून उठले की दुखते आणि विसावा घेतला की कमी होते. सकाळी उठल्यावर सांधा आखडलेला असतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. हलवताना आत कटकट वाजते. नुसती कटकट असून दुखत नसेल तर तिला भिऊ नये. पुढे गुडघे बाहेरच्या बाजूस वाकून पाय धनुष्यासारखे दिसू लागतात. गुडघ्याखेरीज खुबा, पाठीचा व मानेचा कणा, हाताच्या अंगठ्याचे मूळ आणि बोटांची टोकाकडची पेरे येथेही हाच रोग होतो.

याउलट सकाळचा आखडलेपणा तासाभराहून अधिक राहत असेल, दोन्ही हातांची मधली पेरे आणि मनगटे सारखीच सुजत असतील, अंगात कसर वाटत असेल, तर तो वेगळा रोग आहे. वैद्य त्याला आमवाताशी जोडतात. त्यात शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यावर उलटते. त्याची वेगळी औषधे आहेत, आणि ती पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर सांधे वाचतात. तो म्हातारपणाची झीज म्हणून अंगावर काढणे म्हणजे घर जळताना उजेड पडला म्हणून बसण्यासारखे आहे. पायाचा अंगठा रात्रीतून लालभडक होऊन चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर वातरक्ताचा संशय धरावा. चिकनगुनियाचा ताप येऊन गेल्यावर महिनोन्महिने सांधे दुखतात, हे 2006 सालच्या साथीत महाराष्ट्राने पाहिलेच आहे. आणि तरुण मुलाची हाडे व सांधे वारंवार ठणकत असतील, अंग पिवळट दिसत असेल, तर विदर्भात सिकलसेलची रक्ततपासणी केल्यावाचून राहू नये. आदिवासी बांधवांतच नव्हे, इतर कित्येक समाजांतही तो आजार आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लेखणी उचलली ती सांगतो. आमच्या जिल्ह्यात, विशेषतः पांढरकवड्याच्या परिसरात, जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार ठिकठिकाणी प्रमाणाबाहेर आहे. खडकातून तो पाण्यात उतरतो. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड, आणि वर्षानुवर्षे प्यायले की हाडांत साठणारे. पिण्याच्या पाण्यात तो दर लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरी सोयच नसेल तर फार तर दीड, असे आपल्या देशाचे मानक आहे. त्याहून बरेच जास्त असलेले पाणी दहा-वीस वर्षे पोटात गेले की हाडे जड व ठिसूळ होतात, सांध्यांचे बंध कठीण होतात, मान वळेनाशी होते, कंबर वाकेनाशी होते, गुडघे आखडतात. माणूस म्हणतो वात आला. तेलवाला तेल देतो, पुडीवाला पुडी देतो, आणि दुखणाऱ्या गुडघ्याचा धनी परत त्याच हातपंपाचे पाणी पितो.

याची खूण काय? गावातील मुलांच्या दातांकडे पाहावे. दातांवर खडूसारखे पांढरे डाग किंवा पिवळे-तपकिरी आडवे पट्टे अनेक मुलांत दिसले, की पाण्याचा संशय घ्यावा. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. दातांवरचे डाग लहानपणी, दात बनत असताना ते पाणी प्यायले तरच पडतात. म्हणून दुसऱ्या गावाहून लग्न होऊन आलेल्या सुनेचे दात स्वच्छ असतील, पण वीस वर्षांनी तिची हाडे मात्र त्याच पाण्याने भरलेली असतील. दात चांगले म्हणून पाणी चांगले, असे अनुमान करू नये. न्यायशास्त्रात याला सव्यभिचार हेतू म्हणतात. विद्यार्थ्याला ते शिकायला वर्ष लागते, येथे एका हातपंपाने शिकविले.

पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. साध्या गाळण्याने, तुरटीने नुसते निवळल्याने भागत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळते, ग्रामपंचायतीने नमुना पाठवावा. एका बोअरचे पाणी वाईट निघाले तर जवळच्या उथळ विहिरीचे पुष्कळदा बरे असते, तेही तपासावे. छपरावरचे पावसाचे पाणी स्वच्छ हौदात साठविले तर त्यात हा क्षार जवळजवळ नसतो. पिण्याला आणि स्वयंपाकाला एवढे पाणी वेगळे केले तरी पुष्कळ झाले, कारण अंघोळीने आणि धुण्याने हा रोग होत नाही. एकदा आखडलेली हाडे पूर्ववत करणारे औषध नाही. पण पाणी बदलले तर रोग पुढे सरकणे थांबते, आणि घरातली लहान मुले वाचतात. ज्या गावात सप्ताह होतो तेथे पंगतीचा खर्च लाखाच्या घरात जातो. त्या गावच्या पाण्याचा नमुना तपासलेला नसतो, हे मला पटत नाही. या भागातील प्रत्येक सप्ताह समितीने यजमान गावाच्या पाण्याचा दाखला मागावा, अशी माझी उघड सूचना आहे.

असो. आता काही लक्षणे अशी की त्यांत घरगुती उपाय करीत बसू नये. सांधा एकाएकी लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप, तर आत पू होत असण्याचा संभव असतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पडल्यानंतर पायावर उभे राहवत नसेल, एकच पोटरी सुजून दुखू लागली असेल, रात्री विश्रांतीतही वेदना वाढत असेल आणि वजन घटत असेल, तरीही तसेच. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तेथे अस्थिरोगाचा विभाग आहे. फोटो काढला म्हणजे रोग कळतोच असेही नाही. फोटोत पुष्कळ झीज दिसूनही एखादा टाळकरी मजेत पाऊली खेळतो, आणि फोटो बरा असून दुसऱ्याला जिना चढवत नाही. फोटो पाहून घाबरू नये. पायात बळ किती आहे ते अधिक पाहावे.

बळ म्हणजे मांडीचे बळ. गुडघ्याचा खरा सेवेकरी मांडीच्या पुढचा स्नायू आहे. तो भक्कम असला की पावलाचा धक्का तो झेलतो, दुबळा झाला की धक्का थेट सांध्याला बसतो. दुखते म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून मांडी वाळते, मांडी वाळली म्हणून अधिक दुखते. हे चक्र व्यायामानेच तुटते. झिजेच्या सांधेदुखीवर सगळ्या जगात आज पहिला उपचार म्हणून व्यायामच सांगतात, गोळी नंतर.

ओट्यावर किंवा खुर्चीवर ताठ बसावे. एक पाय समोर सरळ करावा, पाऊल आपल्याकडे ओढावे, मांडी आवळावी. तशीच धरून मनात सावकाश पाच वेळा रामकृष्णहरी म्हणावे. मग पाय हळू खाली. असे दहा वेळा, मग दुसरा पाय. खाटेवर निजून गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवावी आणि गुडघ्याने ती खाली दाबावी, तेवढाच जप, तेवढीच आवर्तने. तिसरा, खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे. पहिल्यांदा तीन-चार वेळा जमले तरी पुरे, खुर्ची भिंतीला लावून ठेवावी. काकड्याच्या वेळी आणि हरिपाठाआधी, असे दिवसातून दोनदा करावे. आठ दिवसांत गुण पाहू नये. दीड-दोन महिने नेमाने झाले म्हणजे फरक पडतो. वारकऱ्याला नेम काय हे शिकवायला नको. व्यायामात थोडे दुखले तर चालते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही ते दुखणे वाढलेलेच असेल तर आवर्तने कमी करावीत, बंद करू नयेत.

वजनाविषयी थोडे हिशेबाने बोलू. चालताना गुडघ्यावर शरीराच्या दोन-तीन पट भार येतो, उतरणीवर त्याहून अधिक. जाणकारांनी मोजून पाहिले आहे की शरीराचे वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, दोन फुटांचे पाऊल धरले तर चार लाखांवर पावले होतात, एका गुडघ्याच्या वाट्याला दोन लाख. पाच किलो वजन घटवून निघालेला वारकरी त्या दोन लाख पावलांत दर वेळी वीस किलोचे पोते खाली ठेवून चालतो. आणि आमच्या एकादशीचे काय? 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण कोणी परक्याने केलेली नाही. साबुदाणा, शेंगदाणे, तूप, वर वेफर, असा उपवास गुडघ्याला महाग पडतो. आंबट, दही, वांगे, तूरडाळ यांनी झीज वाढते असा मात्र पुरावा नाही. म्हाताऱ्या माणसाची डाळ आणि ताक तोडून त्याला अशक्त करू नये, मांडीचा स्नायू डाळीनेच बनतो. पथ्य सांगणाऱ्यांचा राग येईल, पण निरुपाय आहे.

काठी धरण्याची लाज कशाला? मात्र ती धरावी कोणत्या हातात, हे दहांतील नऊ जणांना ठाऊक नसते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे पडली पाहिजेत. काठीची उंची मनगटाच्या सांध्याइतकी असावी, खाली रबरी टोपण असावे.

शेक चांगला. गरम पाण्याची पिशवी, वाळूची पुरचुंडी, निरगुडीच्या पाल्याचा शेक, कोमट तेल हलक्या हाताने, याने स्नायू सैलावतात आणि बरे वाटते. त्याने कूर्चा परत उगवत नाही, तसे सांगून तेल विकणाऱ्याला दारात उभे करू नये. सांधा आधीच गरम व सुजलेला असेल तर शेकाऐवजी गार पाण्याची घडी ठेवावी. मधुमेह्यांच्या पायांना चटका कळत नाही, त्यांचा शेक दुसऱ्याने हात लावून पाहिल्याशिवाय देऊ नये. वेदना शमविणारे मलम गुडघ्यावर चोळणे हे पोटात गोळी घेण्यापेक्षा निर्धोक असते, डॉक्टरांना विचारून तेच आधी वापरावे. पोटातल्या वेदनाशामक गोळ्या रोज रोज घेतल्या तर जठरात व्रण पडतो, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडे दुखावतात. वारीत तर हा धोका दुप्पट: उन्हात घाम गेलेला, लघवीला जागा नाही म्हणून बाया पाणी कमी पितात, आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ गोळी. कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडाला ती गोळी सोसत नाही. ज्यांना रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड वा व्रण यांचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून एकही घेऊ नये.

पुडीची गोष्ट सांगतोच. आमच्या दिंडीतील एक आजी एका वर्षी काठी टाकून चालू लागल्या. सगळ्यांना नवल. बाजारात एक फिरता वैद्य काळसर भुकटीच्या पुड्या विकत होता, त्यांचा हा गुण. आजींचा चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला, आम्हाला वाटले तब्येत सुधारली. आठ-नऊ महिन्यांनी साखर वाढली, कातडी कागदासारखी पातळ झाली, आणि अंगणात नुसते घसरल्याचे निमित्त होऊन पाठीचा मणका दबला. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड नावाचे तीव्र औषध मिसळलेले असते. दोन दिवसांत दुखणे पळते हीच त्याची खूण. ते हाडे पोखरते, साखर वाढविते, अंगची प्रतिकारशक्ती मारते. आणि आणखी एक सापळा असा की महिनोन्महिने घेतल्यावर ती पुडी एकदम बंद केली तर माणूस गळून पडतो, जिवावर बेततो. म्हणून कोणी घेत असेल तर त्याला रागावून पुडी फेकून देऊ नये. पुडीसकट डॉक्टरांकडे न्यावे आणि त्यांच्या सल्ल्याने हळूहळू सोडवावी. खरा वैद्य औषधाचे नाव सांगतो आणि चिठ्ठी लिहून देतो. ज्याच्या पुडीवर नाव नाही त्याचे औषध घेऊ नये, मग तो गळ्यात कितीही तुळशीच्या माळा घालो.

सांध्यात डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन ही वेगळी बाब आहे. त्याने काही आठवडे आराम पडतो, ते वारंवार घेण्याचे नाही. कूर्चा वाढविण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या महाग गोळ्यांचा खात्रीचा गुण सिद्ध झालेला नाही, तो पैसा दूध-डाळीला लावावा. सगळे करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालवत नसेल, तर गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने 2017 च्या ऑगस्टमध्ये मर्यादा घातली, आणि आपली शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसते का हे रुग्णालयातील योजनेच्या खिडकीवर शिधापत्रिका व आधार नेऊन विचारावे. बसविलेले बहुतेक गुडघे वीस वर्षे आणि अधिकही टिकतात. मात्र त्यानंतरचे व्यायाम चुकविले तर पैसा आणि यातना दोन्ही वाया जातात. खाली मांडी घालून बसणे बहुधा सुटते.

आता वाटेविषयी. आमच्या भागातून कोणी आर्णी, महागाव, उमरखेडवरून पैनगंगा ओलांडून नांदेडच्या बाजूने पायी जातात, ही वाट आळंदीच्या वाटेच्या जवळजवळ दुप्पट आहे. वर्षभर ओसरीवर बसून एकदम ती धरणे हा गुडघ्यावर अन्याय आहे. चैत्रापासून तयारी असावी. पहिल्या आठवड्यात रोज दोन किलोमीटर, मग दर आठवड्याला थोडे थोडे वाढवीत, निघण्यापूर्वी एकदा तरी यवतमाळहून कळंबच्या चिंतामणीला जाण्याइतके, वीस-पंचवीस किलोमीटर, सलग जमले पाहिजे. त्या दिवसानंतर गुडघा दोन दिवसांत निवळला तर खुशाल निघावे. चपला नव्या नसाव्यात आणि पातळ नसाव्यात. महामार्गाचा काँक्रीटचा कडा सोडून मातीची बाजू मिळेल तेथे मातीवरून चालावे. चढ दमवितो, पण गुडघ्याला मारतो तो उतार. उतरताना पावले आखूड घ्यावीत, काठी टेकावी. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने पाऊलीत उड्या मारू नयेत, फुगडी दुसऱ्यांची पाहावी. नमस्कार उभ्यानेही पोहोचतो.

दिंडीचालकांना दोन शब्द. सामानाच्या ट्रकमध्ये पन्नास सतरंज्या असतात, तेथे सहा खुर्च्या का नसाव्यात? कीर्तनाला मागच्या बाजूस एक ओळ खुर्च्यांची असू द्यावी आणि तेथे बसणाऱ्याकडे कोणी डोळे वटारू नयेत. मी स्वतः दोन-दोन तास उभा राहून बोलतो, समोरचा कोठे टेकला आहे यावर माझ्या कीर्तनाचे काही अडत नाही. बायांसाठी मुक्कामी आडोसा करून एक छिद्राची खुर्ची, जी औषधाच्या मोठ्या दुकानात मिळते, ती ठेवली तर उकिडवे बसता येत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या किती तरी आज्या पाणी पितील. आणि नावनोंदणीच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तीन रकाने वाढवावेत: रोज कोणते औषध घेतो, कोणते औषध बाधते, आणि गाडीत बसण्याची पाळी आली तर कोणत्या टप्प्यावर बसणार. हा तिसरा रकाना निघण्याआधीच वारकऱ्याकडून भरून घ्यावा, म्हणजे वाटेत कोणाला लाजेने पाय ओढीत राहावे लागणार नाही.